शिजण्याआधीची मूठ

मिझोरामातल्या ऐझॉलच्या एखाद्या स्वयंपाकघरात संध्याकाळच्या भाताची तयारी चालू असते. बाई घरातली माणसे धरून तांदूळ मोजते आणि धुवायला घेण्याआधी त्यातली एक मूठ उचलून बाजूच्या डब्यात टाकते. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. ठरल्या दिवशी चर्चच्या महिला मंडळाच्या बाया घरोघर फिरून हे डबे रिकामे करून नेतात. तांदूळ विकला जातो आणि आलेला पैसा धर्मकार्याला, दूरच्या मुलखात काम करणाऱ्या सेवकांना जातो. मिझो भाषेत या प्रथेला ‘बुहफाय थाम’ म्हणतात. बुहफाय म्हणजे कांडलेला तांदूळ, थाम म्हणजे मूठ.

ही मूठ उरलेल्या भातातली नसते, जेवणारांच्या वाट्यातली असते. पानात उरलेले देणे आणि पातेल्यात पडण्याआधी काढून ठेवणे यांतला फरक भात शिजवणाऱ्या कोणालाही वेगळा सांगावा लागणार नाही. मंदिराच्या दानपेटीत दोन टोल्या टाकणाऱ्या विधवेची गोष्ट बायबलात आहे. श्रीमंतांनी कितीतरी जास्त टाकले, तरी येशूने मोजले ते तिचेच, कारण तिने पोटाचे दिले होते. मिझो बायांनी ती गोष्ट थेट चुलीपाशी आणली.

प्रथा सुरू झाली 1910 च्या सुमारास. तेव्हा या डोंगरात ख्रिस्ती धर्म येऊन जेमतेम सोळा वर्षे झाली होती. लॉरेन आणि सॅव्हिज हे दोन इंग्रज मिशनरी 11 जानेवारी 1894 रोजी इथे पोचले. मिझो भाषेला रोमन लिपी त्यांनीच दिली. त्यांचा खर्च उचलणारा लीड्सचा रॉबर्ट आर्थिंग्टन ही मोठी मजेशीर असामी होती. गडगंज वारसा मिळालेला हा गृहस्थ मोठ्या घराच्या एका खोलीत, जुन्या कपड्यांत राही. गावाने त्याला कंजूष ठरवून टाकले होते आणि तो मात्र पैसा मिशनांकडे धाडत होता.

मिझोंना देण्याची कल्पना पाद्र्यांनी शिकवली असे समजण्याचे मात्र कारण नाही. त्यांच्याकडे ‘त्लॉमङाइना’ नावाची जुनी रीत होतीच. स्वतःची गैरसोय सोसून दुसऱ्याच्या उपयोगी पडायचे आणि त्याचा गवगवा करायचा नाही, असा तिचा अर्थ. रानात हरवलेल्याला शोधायला जाणे, आजाऱ्याला डोंगरवाटेने वाहून नेणे हे गावातल्या तरुणांचे काम. ख्रिस्ती शिकवण या मातीत रुजली ती त्यामुळेच असावी. आजही कोणी वारले की 1935 साली स्थापन झालेल्या ‘यंग मिझो असोसिएशन’ची पोरे कबर खणतात आणि त्या घरी रात्रभर सोबतीला बसतात. मजुरीचा प्रश्नच नसतो.

मुठीची प्रथा सुरू होऊन वर्षदोन वर्षे होतात तोच 1911-12 चा ‘माउताम’ आला. साधारण अठ्ठेचाळीस वर्षांनी बांबू फुलतो, त्याचे बी खाऊन उंदीर बेसुमार वाढतात आणि शेते फस्त करतात. तांदळाचा दाणा महाग झाला, पण मूठ काढण्याची सवय त्यातूनही टिकली. आता तांदळाबरोबर लाकूडफाटा आणि भाजीही येते आणि मुठीमुठीने जमणारी रक्कम वर्षाला कोटींच्या घरात जाते.

महाराष्ट्राला हे अगदीच परके नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहासाठी घरोघरच्या बाया दळणाआधी मूठभर धान्य काढून ठेवत. त्याला मुष्टिफंड म्हणत. तिथे मुलांच्या भाकरीसाठी होते, इथे धर्मासाठी. उचलणारा हात मात्र दोन्हीकडे बाईचाच.

म्हणूनच एक गोष्ट खटकते. मिझो चर्चचा एवढा पैसा बायांच्या चुलीपाशी उभा राहिला, तरी पाळकाच्या आणि चर्चच्या वडीलजनांच्या (एल्डरच्या) जागा वर्षानुवर्षे पुरुषांकडेच राहिल्या. सेवेचा मान आणि निर्णयाचा अधिकार एकाच पोत्यात जमा झाले नाहीत. पोत्यात तरी सगळे सारखेच होते. जाडा, बारीक, नवा, जुना तांदूळ एकात एक मिसळला की श्रीमंताची मूठ कुठली आणि मोलकरणीची कुठली, हे निवडून काढायला कोणी बसत नाही.