दुखऱ्या सांध्यांना जाणत्या हाताचा आधार

चंडीगडच्या सेक्टर १ मध्ये ल कॉर्ब्युझिए यांच्या कल्पनेतील ‘खुला हात’ उभा आहे. २६ मीटर उंचीचे हे शिल्प १९८५ साली, म्हणजे त्यांच्या निधनानंतर वीस वर्षांनी, प्रत्यक्षात आले. वाऱ्यासरशी संथपणे वळणारा हा हात शहराचे बोधचिन्हही आहे. याच शहरात सेक्टर १२ मधील पीजीआयच्या किंवा सेक्टर ३२ मधील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, स्वतःचाच हात खांद्यापेक्षा वर जात नाही म्हणून पन्नाशीच्या आसपासच्या स्त्रीने यावे, हे दृश्य मात्र तितकेसे कौतुकाचे नाही.

अशा स्त्रीच्या तक्रारी सहसा ठरावीक असतात. वेणी घालताना हात मागे जात नाही. रात्री एका कुशीवर झोपवत नाही. सकाळी बोटांची मूठ वळायला वेळ लागतो. बँकेतील नोकरी असेल तर वरच्या फळीवरची फाइल काढताना ओठ आवळून घ्यावे लागतात. बदलीच्या निमित्ताने महाराष्ट्रातून चंडीगडला आलेल्या घरांत या दुखण्याचे खापर आधी तिथल्या हिवाळ्यावर फोडले जाते. डिसेंबर-जानेवारीतले दाट धुके आणि हाडांपर्यंत पोहोचणारा गारठा पाहता हा समज स्वाभाविक आहे. परंतु मार्च उजाडतो, सुखना तलावाकाठी कोवळे ऊन पसरते, स्वेटर पेटीत जातात आणि तरीही खांदा हलत नाही, तेव्हा कारण अन्यत्र शोधणे भाग पडते.

सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे रजोनिवृत्ती झाली, असे वैद्यकशास्त्र मानते. पाश्चात्त्य देशांत तिचे सरासरी वय ५१ च्या आसपास आहे. भारतीय स्त्रियांत ते साधारणतः ४६ ते ४७ इतके अलीकडे आहे. या बदलाच्या आगेमागे अंगातून गरम वाफा निघणे, झोप उडणे, चिडचिड होणे यांविषयी आता थोडेफार बोलले जाते. सांधे आणि स्नायू यांच्या दुखण्याचा या यादीत सहसा समावेश होत नाही. वस्तुतः इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा संबंध केवळ गर्भाशयाशी नाही. स्नायू, स्नायुबंध, कूर्चा आणि हाडे या सर्वांवर त्याचा परिणाम होतो. स्तनाच्या कर्करोगात इस्ट्रोजेन आणखी घटवणारी काही औषधे दिली जातात. ती घेणाऱ्या अनेक स्त्रियांचे सांधे दुखू लागतात, हा या नात्याचा बोलका पुरावा होय.

ही जाणीव नवी नाही. १९२५ साली सेसिल आणि आर्चर या अमेरिकी डॉक्टरांनी रजोनिवृत्तीकाळातील संधिविकारावर पन्नास रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. मात्र या सर्व तक्रारींना एकत्र बांधणारे नाव सुचवले गेले ते जवळजवळ शंभर वर्षांनी. २०२४ साली अमेरिकी अस्थिशल्यविशारद डॉ. व्होंडा राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘रजोनिवृत्तीचे स्नायू-अस्थि लक्षणसमूह’ ही संज्ञा मांडली. त्यांच्या लेखानुसार सत्तर टक्क्यांहून अधिक स्त्रियांना या काळात अशी लक्षणे जाणवतात आणि सुमारे पंचवीस टक्के स्त्रियांच्या दैनंदिन हालचाली त्यामुळे अडतात. इतक्या मोठ्या संख्येच्या दुखण्याला नाव मिळण्यास एक शतक लागावे, यावर निराळे भाष्य करण्याची गरज नाही.

या दुखण्यात हाताने केलेल्या उपचाराचे स्थान कोणते? आपल्या देशात शास्त्रशुद्ध भौतिकोपचाराचे, म्हणजेच फिजिओथेरपीचे, शिक्षण १९५२ साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात सुरू झाले. पोलिओच्या साथीनंतर लुळ्या पडलेल्या मुलांचे हातपाय पुन्हा चालते करणे ही त्यामागची निकड होती. पुढे सांधा हाताने हलवून मोकळा करण्याचे तंत्र जगभर विकसित झाले. ऑस्ट्रेलियाचे जेफ्री मेटलंड यांनी या हालचालींच्या पायऱ्या आखून दिल्या. वेदना अधिक असेल तेव्हा सांध्याला प्रतिकाराच्या अलीकडेच, अगदी हलके हेलकावे द्यायचे. वेदना ओसरून आखडलेपणा उरला, की हालचालीच्या शेवटच्या टोकापर्यंत जायचे. बाहेरून पाहणाऱ्याला हे नुसते चोळणे वाटते. प्रत्यक्षात उपचारकाचे बोट सांधा कुठे अडतो आणि रुग्ण कुठे श्वास रोखते याची सतत चाचपणी करीत असते.

गोठलेल्या खांद्याचे उदाहरण यासाठी पाहण्याजोगे आहे. हा विकार चाळीस ते साठ या वयात अधिक आढळतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक गाठतो. जपानी भाषेत त्याला ‘पन्नाशीचा खांदा’ अशा अर्थाचे नावच आहे. मधुमेह किंवा थायरॉइडचा विकार असल्यास त्याचा संभव वाढतो. पहिल्या टप्प्यात वेदना तीव्र असते, दुसऱ्यात वेदना उतरते पण खांदा जखडतो, तिसऱ्यात तो हळूहळू सुटतो. हा सारा प्रवास एक ते तीन वर्षे चालू शकतो. पहिल्या टप्प्यात खांदा जोराने ताणणे म्हणजे आगीत तेल ओतणे. त्या वेळी वेदना शमवणे, गरज भासल्यास डॉक्टरांच्या निर्णयाने सांध्यात इंजेक्शन घेणे आणि सहन होईल तेवढीच हालचाल ठेवणे हिताचे. ताणण्याचे खरे काम दुसऱ्या टप्प्यापासून. नेमके याच ठिकाणी घरोघरी उलटे घडते. दुखते तेव्हा कोणाकडून तरी रगडून घेतले जाते आणि दुखणे थांबले, की ‘बरे वाटते’ म्हणून उपचार सोडला जातो. खांदा तसाच अर्धवट राहतो.

हाताच्या उपचाराची मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे. त्याने मिळणारा आराम बहुधा काही तासांचा वा दिवसांचा असतो. त्या मोकळ्या अवधीत स्नायूंना व्यायाम मिळाला तरच तो आराम टिकतो. कमरेच्या बाहेरील बाजूला, कुशीवर झोपताना ठणकणारे दुखणे या वयातील स्त्रियांत वारंवार आढळते. त्याविषयी ऑस्ट्रेलियात झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले. योग्य माहिती आणि व्यायाम मिळालेल्यांपैकी सुमारे ७७ टक्के रुग्णांना आठ आठवड्यांनी लक्षणीय सुधारणा वाटली. स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतलेल्यांत हे प्रमाण ५८ टक्के होते, तर केवळ वाट पाहणाऱ्यांत २९ टक्के. आवर्ती ठेवीचा हप्ता दरमहा न चुकता भरणाऱ्या आपल्या खातेदारांना या आकड्यांचे मर्म वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

आपल्याकडे अंगाला तेल लावण्याची परंपरा मोठी आहे. आयुर्वेदाने अभ्यंगाला दिनचर्येत स्थान दिले, दिवाळीच्या पहाटे ते आजही होते. पंजाबात तिळाच्या तेलाऐवजी मोहरीचे तेल येते, एवढाच फरक. बाळंतिणीला सव्वा महिना मालीश, शेक आणि धुरी मिळावी याची काळजी आजी-सासवांनी पिढ्यान्‌पिढ्या घेतली. पाळी जाते त्या वयात मात्र तीच स्त्री घरातली सर्वांत कर्ती असते, आणि तिच्या अंगाला तेल कोणी लावावे याची रीत कोणत्याच घराने पाडलेली नाही. कोमट तेलाने हलक्या हाताने केलेले मालीश स्नायूंचा ताण सैल करते, झोपेलाही मदत करते. ते अवश्य करावे. त्याने झिजलेला सांधा भरून येतो, असा दावा कोणी केल्यास त्यावर विश्वास ठेवू नये.

धोके लक्षात घेणे याहून महत्त्वाचे. रजोनिवृत्तीच्या आसपासच्या वर्षांत हाडांची घनता वेगाने घटते. उत्तर भारतात हाडे बसवणाऱ्या पहिलवानांकडे जाण्याची प्रथा आहे. आपल्याकडचे हाडवैद्य त्याच कुळातले. ठिसूळ झालेल्या कण्याला किंवा मानेला त्यांनी दिलेला एक झटका मणक्याचा अस्थिभंग घडवू शकतो. म्हणून जोरकस उपचारापूर्वी हाडांच्या घनतेची तपासणी लागेल का, हे डॉक्टरांना विचारावे. ड जीवनसत्त्वाची कमतरताही तपासून घेण्याजोगी, कारण धुक्याच्या महिन्यांत चंडीगडला ऊन दुर्मीळ आणि अंगावर कपड्यांचे थर. सांधा लाल, गरम व सुजलेला असेल, सकाळचा आखडलेपणा तासभर टिकत असेल, ताप असेल, वजन कारणाशिवाय उतरत असेल, तर मालीश थांबवून आधी निदान करावे. संधिवाताचा आमवाती प्रकारही याच वयात डोके वर काढतो. एकाच पोटरीवर अचानक सूज व दुखणे आल्यास ती चोळू नये, तत्काळ रुग्णालयात जावे, कारण शिरेत रक्ताची गाठ असू शकते. संप्रेरकांची गोळी घ्यावी की नाही, हा निर्णय स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलूनच व्हावा.

पहिल्या भेटीला जाताना एका कागदावर चार गोष्टी लिहून न्याव्यात: शेवटची पाळी केव्हा आली, दुखणे कोणत्या हालचालीत आणि कोणत्या वेळी वाढते, कोणती औषधे चालू आहेत, आणि पूर्वी कोणते हाड मोडले आहे का. यांतला पहिला प्रश्न हाडांच्या दवाखान्यात बहुतेक वेळा कोणी विचारत नाही. तो न विचारताच सांगून टाकावा.