खोक्यावरचं नाव आणि आतली चिप

लेखमाला : घरातलं जाळं – भाग ६

मागच्या भागात राउटरची जागा ठरली. आता लहरींच्या दुसऱ्या टोकाकडे, त्या पकडणाऱ्या साधनाकडे वळायचं आहे. लॅपटॉप आणि मोबाइलमध्ये हे साधन कारखान्यातच बसवलेलं असतं. डेस्कटॉपचं तसं नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर, सुटे भाग घेऊन जुळवलेल्या कितीतरी संगणकांना लॅन केबलचं तोंड असतं, पण वायफाय नसतं. राउटर बाहेरच्या खोलीत आणि संगणक आतल्या खोलीत, अशी मांडणी असली की एक तर भिंतीतून केबल ओढावी लागते, नाही तर यूएसबी वायफाय अडॅप्टर आणावं लागतं.

दुकानात मागताना एक खुलासा केलेला बरा. सिम कार्ड घालून मोबाइलच्या टॉवरशी जोडणारा डोंगल वेगळा. हे अडॅप्टर स्वतः इंटरनेट पुरवत नाही. घरात आधीच असलेलं वायफाय ते संगणकापर्यंत आणून पोचवतं, एवढंच त्याचं काम.

ते लावणं कधी दोन मिनिटांत उरकतं, तर कधी त्यात अख्खा दिवस जातो. बहुतेक वेळा हा फरक एकाच गोष्टीने पडतो: आतली चिप कोणती, हे माहीत असण्याने.

दोन तंत्रांची गाठ

यूएसबीची पहिली आवृत्ती जानेवारी १९९६ मध्ये आली. ती घडवण्यात इंटेलमधले अभियंते अजय भट्ट यांचा मोठा वाटा होता. त्यांचं शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात झालं. यूएसबी येण्याआधी संगणकाला नवी सोय जोडायची तर कॅबिनेट उघडायचं, स्क्रू काढायचे आणि कार्ड खाचेत बसवायचं, एवढा खटाटोप असे. पुढच्याच वर्षी, १९९७ मध्ये, आयट्रिपलई या संस्थेने बिनतारी जाळ्यांसाठी ८०२.११ हे मानक आणलं. त्याचा कमाल वेग सेकंदाला २ मेगाबिट होता. १९९९ मध्ये ८०२.११बी आलं आणि वेग ११ मेगाबिटवर गेला. त्या काळच्या यूएसबीतून सेकंदाला १२ मेगाबिट जात. दोन आकडे असे शेजारी आल्यामुळे बिनतारी कार्डाला कॅबिनेटच्या बाहेर पडून यूएसबीच्या टोकाला बसता आलं. २००० साली यूएसबी २.० आली, ४८० मेगाबिटची. २००३ च्या ८०२.११जीच्या ५४ मेगाबिटना तिच्यात भरपूर वाव होता.

भारतात २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ हा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातला मोठा भाग घराबाहेरच्या वापरासह २०१८ च्या अधिसूचनेने खुला झाला. वापरणाऱ्याला परवाना लागत नाही, पण विकल्या जाणाऱ्या उपकरणाला मंजुरी लागते. ती दूरसंचार विभागाची वायरलेस प्लॅनिंग अँड को-ऑर्डिनेशन शाखा देते. परदेशातून किंवा अनोळखी विक्रेत्याकडून अडॅप्टर मागवताना ही मंजुरी आहे का, ते पाहून घ्यावं.

नाव एक, चिप वेगवेगळ्या

अडॅप्टर विकणाऱ्या कंपन्या अनेक आहेत, पण आतली चिप बनवणाऱ्या मोजक्याच. तैवानच्या रिअलटेक आणि मीडियाटेक या आज त्यातल्या ठळक. रालिंक हे नाव जुन्या अडॅप्टरांवर दिसतं. ती कंपनी २०११ मध्ये मीडियाटेकने घेतली. त्याच वर्षी अथेरॉस क्वालकॉमकडे गेली. संगणकाचं सगळं बोलणं या चिपशी चालतं. खोक्यावर कोणाचं नाव छापलं आहे, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एन या लोकप्रिय अडॅप्टरचंच पाहा. पांढरं अंग आणि काढता येणारा अँटेना, असं त्याचं रूप. पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची एआर९२७१ ही चिप होती. लिनक्समध्ये तिचा ड्रायव्हर मूळ प्रणालीतच असल्याने अडॅप्टर खोचलं की काम सुरू होई. दुसऱ्या आवृत्तीपासून आत रिअलटेकची आरटीएल८१८८ईयूएस ही चिप आली. मॉडेलचं नाव मात्र तेच राहिलं. विंडोजवर प्रत्येक आवृत्तीचा आपापला ड्रायव्हर घातला की काम भागतं. लिनक्सवाल्यांची मात्र पंचाईत झाली: जुनी शिफारस वाचून नवं अडॅप्टर आणलं आणि ते तितक्या सहज चालेना. दोन्ही आवृत्त्या वेगळ्या ओळखण्याची खूण अडॅप्टरवरच, अनुक्रमांकाजवळ बारीक अक्षरात छापलेली असते: ‘व्हर्जन’ आणि त्यापुढचा आकडा. ड्रायव्हर उतरवून घेताना हा आकडा जुळायलाच हवा.

संगणकाला कळणारी ओळख याहून नेमकी असते. प्रत्येक यूएसबी साधन जोडलं जाताच दोन क्रमांक सांगतं: एक बनवणाऱ्याचा, दुसरा वस्तूचा. दोन्ही सोळाच्या पटीतल्या अंकलेखनात, चार-चार खुणांचे. वरच्या अडॅप्टरची पहिली आवृत्ती ०सीएफ३:९२७१ असं सांगते, तर दुसरी २३५७:०१०सी असं. रिअलटेकचा क्रमांक ०बीडीए, रालिंकचा १४८एफ. बाजारातल्या नाव नसलेल्या स्वस्त अडॅप्टरांमध्ये १४८एफ:७६०१ हा क्रमांक नेहमी भेटतो. ती मीडियाटेकची एमटी७६०१यू ही चिप.

विंडोजमध्ये हा क्रमांक शोधणं सोपं आहे. स्टार्टच्या बटणावर उजवी क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडावं. ड्रायव्हर नसलेलं अडॅप्टर तिथे ‘अदर डिव्हायसेस’खाली पिवळ्या खुणेसह दिसतं. त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘डिटेल्स’ या पानावर ‘हार्डवेअर आयडीज’ निवडलं की व्हीआयडी आणि पीआयडी या अक्षरांपुढे हे दोन क्रमांक येतात. लिनक्समध्ये ‘एलएसयूएसबी’ एवढी आज्ञा पुरते. क्रमांक एकदा हाती आला की ‘कोणता ड्रायव्हर?’ या प्रश्नाला एकच उत्तर उरतं. ‘सगळे ड्रायव्हर आपोआप शोधून देतो’ म्हणणाऱ्या सॉफ्टवेअरच्या वाटेला मग जावं लागत नाही, आणि जाऊही नये. ड्रायव्हर अडॅप्टर बनवणाऱ्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावा.

इंटरनेट नसताना ड्रायव्हर कुठून आणायचा?

विंडोज १० आणि ११ मध्ये बऱ्याच चिपांचे ड्रायव्हर आधीच असतात. नसला तर विंडोज अपडेट तो आणतं. पण त्यासाठी इंटरनेट लागतं, आणि इंटरनेटसाठीच तर अडॅप्टर लावायचं असतं. खोक्यातली सीडी घालायला आजच्या बहुतेक संगणकांना ड्राइव्ह नसतो.

यातून सुटायला घरातला अँड्रॉइड फोन पुरतो. चार्जिंगच्या केबलने तो संगणकाला जोडावा आणि फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करावं. विंडोजकडे यासाठी लागणारा ड्रायव्हर मुळातच असतो. फोन घरच्या वायफायला जोडलेला असेल तर तेच वायफाय केबलमधून संगणकाला मिळतं आणि मोबाइलचा डेटाही खर्च होत नाही. तेवढ्या वेळापुरता फोनच यूएसबी वायफाय अडॅप्टर होतो. ड्रायव्हर उतरला की केबल काढून घ्यावी.

काही अडॅप्टर वेगळ्याच रूपात समोर येतात. रिअलटेकच्या काही नव्या चिपांचे अडॅप्टर खोचल्यावर संगणकाला एक छोटी सीडी दिसते आणि तिच्यात ड्रायव्हर असतो. विंडोजवर ही सोय छान आहे: सेटअप चालवला की साधन सीडीचं रूप टाकून वायफायचं रूप घेतं. लिनक्सवर ते कधीकधी सीडीच्या रूपातच अडकतं. यादीत ०बीडीए:१ए२बी असा क्रमांक दिसला तर तीच ही अवस्था. ‘यूएसबी मोडस्विच’ हा प्रोग्राम ते रूप बदलतो. कित्येकदा ती सीडी ‘इजेक्ट’ केली तरी भागतं.

लिनक्समधली स्थिती वर्षागणिक सुधारते आहे. एमटी७६०१यूचा ड्रायव्हर २०१५ मध्ये ४.२ या कर्नेलमध्ये आला. रिअलटेकच्या अनेक नव्या यूएसबी चिपांना २०२३ च्या ६.२ कर्नेलपासून आधार मिळू लागला. म्हणून जुनं लिनक्स असलेल्या संगणकावर अडॅप्टर चालत नसेल, तर ते बदलण्याआधी कर्नेल अद्ययावत करून पाहावं.

कोणत्या तोंडात खोचायचं?

खोक्यावरचे मोठे आकडे इथे नीट वाचायला हवेत. ‘एसी६००’ म्हणजे ५ गिगाहर्ट्झवरचे ४३३ आणि २.४ वरचे १५० यांची ढोबळ बेरीज. अडॅप्टर एका वेळी एकाच पट्ट्यावर जोडलेलं असतं, त्यामुळे ६०० हा आकडा प्रत्यक्षात कधीच भेटत नाही. ‘एन१५०’मधले १५० गाठायला ४० मेगाहर्ट्झ रुंदीची वाहिनी लागते. शेजारच्या दहा घरांचे राउटर जिथे बोलत असतात त्या इमारतीत ती बहुधा २० चीच मिळते, आणि मग जोडणी ७२ मेगाबिटवर येते. फाइल उतरवताना दिसणारा वेग त्याहूनही बराच कमी असतो.

‘एसी१३००’ अडॅप्टर ५ गिगाहर्ट्झवर ८६७ मेगाबिटपर्यंत जोडणी करतं. हा आकडा यूएसबी २.० च्या ४८० पेक्षा मोठा आहे. म्हणून ते यूएसबी ३.० च्या, बहुधा निळ्या, तोंडात लावायचं. पण इथेच एक खोच आहे. इंटेलने एप्रिल २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तांत्रिक लेखात दाखवलं की, यूएसबी ३.० च्या वेगवान संदेशांतून निघणारा विद्युत गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पसरतो. शेजारच्या तोंडात यूएसबी ३.० ची हार्ड डिस्क चालू असली की २.४ वरचं अडॅप्टर अडखळतं, बिनतारी माउससुद्धा अडखळतो. त्यात कॅबिनेट पत्र्याचं आणि अडॅप्टर पाठीमागे भिंतीकडे तोंड करून, म्हणजे लहरींची वाट दोन्हीकडून अडलेली.

यावरचा उपाय साधा आहे. एक मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन केबल घेऊन अडॅप्टर टेबलावर, शक्यतो राउटरच्या दिशेला ठेवावं. केबल अडॅप्टरच्याच पिढीची हवी; यूएसबी ३.० च्या अडॅप्टरला जुनी केबल लावली तर ते यूएसबी २.० च्या वेगावर येतं. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर असते, त्यामुळे अडॅप्टर वीतभर सरकवलं तरी फरक पडू शकतो. कोकणातल्या जांभ्याच्या जाड भिंतींच्या घरात ५ गिगाहर्ट्झचं जाळं दोन खोल्यांपलीकडे क्षीण झालं, तर हळू असलेलं २.४ अधिक भरवशाचं ठरतं.

विजेचाही विचार करावा लागतो. यूएसबी २.० चं तोंड ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअरपर्यंत देतं, यूएसबी ३.० चं ९०० पर्यंत. २०१२ मध्ये आलेल्या पहिल्या रास्पबेरी पायला स्वतःचं वायफाय नव्हतं. ते २०१६ च्या तिसऱ्या पिढीत आलं. तोवर वापरणारे यूएसबी अडॅप्टर लावत, आणि चालू पायला अडॅप्टर खोचलं की व्होल्टेज क्षणभर पडून तो पुन्हा सुरू होई. जुन्या डेस्कटॉपच्या पुढच्या तोंडांना आतल्या लांब तारेतून वीज मिळते. तिथे अडॅप्टर वारंवार तुटत असेल तर मदरबोर्डवरच्या मागच्या तोंडात एक्स्टेन्शन लावून पाहावं.

जोडलं, तरी चालत नाही

ड्रायव्हर बसला, जाळ्यांची यादी आली, पण घरचं नाव त्यात नाही. अशा वेळी राउटरची वाहिनी पाहावी. भारतात २.४ गिगाहर्ट्झच्या १ ते १३ वाहिन्या वापरता येतात. अडॅप्टर अमेरिकेच्या नियमांवर बेतलेलं असेल तर त्याला १२ आणि १३ दिसत नाहीत. राउटर १, ६ किंवा ११ वर आणला की नाव दिसू लागतं. राउटर फक्त ५ गिगाहर्ट्झवर चालू असेल तर एकपट्टी अडॅप्टरला तो कधीच दिसणार नाही.

नाव दिसतं, पासवर्ड बरोबर आहे, तरी जोडणी होत नाही, तेव्हा सुरक्षेची पिढी तपासावी. डब्ल्यूपीए३ हे २०१८ मध्ये आलं. राउटर केवळ त्यावर ठेवला असेल तर जुनं अडॅप्टर बाहेरच राहतं. राउटरमध्ये डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ यांचा मिश्र पर्याय निवडावा. अडॅप्टर सामावून घेण्यासाठी पासवर्डच काढून टाकणं किंवा २००१ मध्येच कच्चं ठरलेलं डब्ल्यूईपी लावणं, हे मात्र कधीही करू नये.

जोडणी झाली, पण संगणकाचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होतो, याचा अर्थ राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. राउटर आणि संगणक दोन्ही बंद करून सुरू करणं हा तिथला पहिला इलाज. पत्ता ठीक आहे, पण बँकेची पानं उघडत नाहीत, तर घड्याळाकडे बघावं. जुन्या मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा बटणासारखा सेल संपला की तारीख कित्येक वर्षं मागे जाते आणि सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रं संगणकाला अवैध वाटतात. सेल बदलून तारीख दुरुस्त केली की पानं उघडतात; अडॅप्टरचा यात काहीच दोष नसतो.

काही वेळाने जोडणी आपोआप तुटते, ही तक्रार फार ऐकू येते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये अडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘पॉवर मॅनेजमेंट’ हे पान असतं. वीज वाचवण्यासाठी साधन बंद करण्याची मुभा देणारी खूण तिथे आधीपासून केलेली असते. डेस्कटॉपवर ती काढून टाकावी.

शेवटी मोजमाप. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘नेटएसएच डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस’ ही आज्ञा दिली की वाहिनी, जोडणीचा वेग आणि सिग्नलची टक्केवारी एकत्र दिसते. अडॅप्टर कॅबिनेटच्या मागे असताना एकदा आणि एक्स्टेन्शनने टेबलावर आणल्यावर एकदा, असे आकडे लिहून ठेवावेत. त्याच कागदावर चिपचे दोन क्रमांकही. चांगल्या जागीही सिग्नल निम्म्याच्या खाली राहत असेल तर प्रश्न अडॅप्टरचा नसून घराच्या रचनेचा असू शकतो. पुढच्या भागात रिपीटर आणि मेश यांची तुलना करताना हेच आकडे लागतील.