दोन कादंबऱ्या, एक 'सिंहासन'

नुकत्याच अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' (1972) आणि 'सिंहासन' (1977) या कादंबऱ्या लागोपाठ वाचल्या आणि लगेच जब्बार पटेलांचा 'सिंहासन' (1979) पुन्हा पाहिला. या दोन्ही कादंबऱ्यांवर मिळून तो एकच चित्रपट बेतला आहे आणि पटकथा विजय तेंडुलकरांची आहे. एवढा मोठा ऐवज एका चित्रपटात मावला, यातच तेंडुलकरांची ताकद दिसते. काय ठेवायचं यापेक्षा काय सोडायचं, हे त्यांना नेमकं कळलं होतं.

पुस्तकात मुंबई जास्त भेटते: तिची गर्दी, कामगार, वर्तमानपत्राची कचेरी. पडद्यावर मात्र खुर्चीचा खेळ पुढे येतो. अरुण सरनाईकांचा मुख्यमंत्री आणि श्रीराम लागूंचा अर्थमंत्री दाभाडे, दोघेही जबरदस्त! पण माझ्या मते चित्रपट तोलून धरतो तो निळू फुल्यांचा पत्रकार दिगू टिपणीस. सगळं पाहणारा, आतून पोखरला जाणारा हा माणूस फुल्यांनी फारसं न बोलता, नुसत्या डोळ्यांनी उभा केलाय.

पुस्तक आणि चित्रपटाची अशीच तुलना आणखी एकदा केली: मिलिंद बोकिलांच्या 'शाळा' या कादंबरीवरचा सुजय डहाकेंचा चित्रपटही आवडला, पण तिचा नायक मुकुंदा याच्या मनातली बडबड पुस्तकातच खरी रंगते.

'सिंहासन'च्या बाबतीत मी आधी कादंबऱ्याच वाचायला सांगेन. तुमचं मत काय? नक्की लिहा.