कामादो (सिरॅमिक शेगडी)

कामादो ही जाड सिरॅमिक भिंतींची, अंड्याच्या आकाराची आणि घुमटासारखे झाकण असलेली कोळशाची शेगडी आहे. तिचे नाव व मूळ कल्पना जपानी आहे. आजचे रूप मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर प्रामुख्याने अमेरिकेत घडले. तेथे परसात मांस, मासे, भाज्या व पाव भाजण्याच्या छंदात या शेगडीला मानाचे स्थान आहे. अवजड असूनही तिच्या बुडाला स्वतंत्र पाय नसल्यामुळे तिला घोडी किंवा टेबल लागते, आणि असे टेबल घरी बनवण्याच्या प्रथेमुळे ती हौशी सुतारकामाशीही जोडली गेली आहे. लाकूड या दोन्ही छंदांत लागते, परंतु एकात ते जाळायचे असते आणि दुसऱ्यात जळू द्यायचे नसते. कामादोच्या वापरातील बरेचसे धोके या दोन उपयोगांतील सीमा पुसली गेल्याने उद्भवतात.

इतिहास

जपानी भाषेत 'कामादो' म्हणजे चूल. मातीची ही बांधीव चूल जपानी घराचे आणि कुटुंबाचे प्रतीक मानली जाई. इ.स. ७२० मध्ये पूर्ण झालेल्या 'निहोन शोकी' या ग्रंथातील कथेनुसार, सम्राट निन्तोकू याने उंचावरून पाहिले असता प्रजेच्या चुलींमधून धूर निघताना दिसला नाही. त्यावरून लोकांचे दारिद्र्य ओळखून त्याने तीन वर्षांसाठी करवसुली थांबवली.

आधुनिक शेगडी मात्र या बांधीव चुलीवरून थेट आलेली नाही. तिचा पूर्वज 'मुशिकामादो' होय. हे भात शिजवण्यासाठी वापरले जाणारे, घुमटाकार झाकणाचे, गोल व सुटे मातीचे भांडे होते. युद्धानंतर जपानमध्ये तैनात असलेल्या अमेरिकन सैनिकांनी ही भांडी मायदेशी नेली आणि त्यांत भाताऐवजी मांस भाजण्यास सुरुवात झाली. याच काळात अमेरिकन शहरांभोवती अंगण-परस असलेल्या घरांची उपनगरे वाढत होती. शिकागो परिसरातील जॉर्ज स्टीफन यांनी १९५२ मध्ये धातूची गोल, झाकणाची 'वेबर' शेगडी तयार केली, तीही याच वातावरणात.

एड फिशर यांनी १९७४ मध्ये अटलांटा येथे 'बिग ग्रीन एग' ही कंपनी सुरू केली. त्यांच्या दुकानात प्रारंभी जपानी पाचिंको खेळाची यंत्रे आणि आयात केलेल्या मातीच्या शेगड्या शेजारी शेजारी विकल्या जात. साध्या भाजलेल्या मातीला वारंवार तापण्या-निवण्याने तडे जात असल्याने पुढे अधिक टिकाऊ सिरॅमिक वापरात आले. २००९ मध्ये जॉर्जिया राज्यातच 'कामादो जो' ही प्रतिस्पर्धी कंपनी स्थापन झाली.

रचना व कार्य

शेगडीच्या तळाशी हवा आत घेणारी सरकती झडप असते आणि झाकणाच्या माथ्यावर धूर बाहेर सोडणारी दुसरी झडप. आत छिद्रे असलेल्या सिरॅमिक कुंडात कोळसा रचतात व त्याच्या वर जाळी बसवतात. झाकण व खालचा भाग यांच्या कडेला नमद्याची पट्टी असते, त्यामुळे फटीतून हवा जात नाही. भारतीय तंदूरप्रमाणे येथेही मातीच्या तापलेल्या भिंती उष्णता परत फेकतात. परंतु तंदूरचे तोंड उघडे असते, कामादोचे बंद. हाच फरक तिच्या सर्व गुणांच्या मुळाशी आहे.

ज्वलन प्राणवायूवर अवलंबून असते. पातळ धातूची शेगडी उष्णता सतत बाहेर टाकते, म्हणून तिला अधिक कोळसा आणि अधिक हवा लागते. जाड सिरॅमिकमधून उष्णता फारशी निसटत नसल्याने कामादोतील निखारे अगदी थोड्या हवेवर धगधगत राहतात. हवेचा प्रवाह कमी असल्याने अन्नातील ओलावाही कमी उडतो. झडपा केवळ रेषेएवढ्या उघड्या ठेवल्यास १०५ ते १२० अंश सेल्सिअस तापमान एकाच भरणीवर बारा तासांहून अधिक काळ टिकवता येते. पूर्ण उघडल्यास ते ३५० अंशांच्या पुढे जाते आणि पिझ्झा काही मिनिटांत भाजला जातो.

या गुणाची दुसरी बाजू नवख्याला लवकरच कळते. एकदा तापलेले सिरॅमिक लवकर निवत नाही. म्हणून इष्ट तापमान गाठण्याच्या बरेच आधी झडपा मिटवत आणाव्या लागतात. तापमान वर गेल्यावर ते उतरवणे हे तासाभराचे काम ठरू शकते.

इंधन म्हणून लोणारी कोळशाचे नैसर्गिक तुकडे पसंत केले जातात. दाबून बनवलेल्या ब्रिकेटांची राख अधिक होते आणि ती कुंडाची छिद्रे बुजवते. ब्रिकेटांचा इतिहास मात्र लाकूडकामाशी निगडित आहे. १९२०च्या दशकात हेन्री फोर्ड यांच्या मोटारींसाठी मिशिगन राज्यातील गिरणीत लाकूड कापले जाई. तेथे उरणाऱ्या भुशाचे व तुकड्यांचे काय करावे, या प्रश्नाचे उत्तर म्हणून कोळशाच्या वड्यांचा कारखाना उभा राहिला. त्यासाठी जागा निवडण्यास साहाय्य करणारे एडवर्ड किंग्सफर्ड यांचे नाव पुढे अमेरिकेतील या सर्वपरिचित कोळशाला मिळाले.

मंद आचेवरील पाककृती

डुकराचा खांदा किंवा गाईच्या छातीचा भाग यांसारख्या चिवट मांसात कोलॅजेन पुष्कळ असते. मंद आचेवर दीर्घकाळ ठेवल्यास त्याचे जिलेटिन होते आणि मांस बोटांनी सुटे करता येईल इतके मऊ पडते. यासाठी मांसाच्या आतील तापमान सुमारे ९३ अंशांपर्यंत न्यावे लागते. वाटेत, साधारण ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान, ते कित्येक तास जवळजवळ हलत नाही. घामाने शरीर थंड राहावे तसे पृष्ठभागावरील ओलाव्याचे बाष्पीभवन मांसाला थंड ठेवते. अशा वेळी घाईने झडपा उघडणे ही नेहमीची चूक होय. मांस कागदात किंवा अॅल्युमिनियमच्या पत्र्यात गुंडाळल्यास बाष्पीभवन रोखले जाते.

या दीर्घ प्रतीक्षेमुळेच परसातील भाजणे आणि सुतारकाम हे छंद एकमेकांना सोयीचे पडतात. दहा-बारा तास शेगडीजवळ राहावे लागते, पण हात रिकामे असतात. अमेरिकेत सुतारकामाच्या छंदाला सार्वजनिक दूरचित्रवाणीने मोठे बळ दिले. नॉर्म अब्राम यांची 'द न्यू यांकी वर्कशॉप' ही मालिका १९८९ ते २००९ अशी वीस वर्षे चालली.

शेगडीचे टेबल

सुमारे ४६ सेंटिमीटर व्यासाची जाळी असलेल्या शेगडीचे वजन ७० किलोग्रॅमहून अधिक भरते. हे वजन टेबलाच्या वरच्या फळीवर नव्हे, तर खालच्या मांडणीवर येते; वरच्या फळीला गोल भोक पाडून शेगडी त्यातून वर काढलेली असते. म्हणून खालच्या आडव्या पट्ट्या पायांना केवळ स्क्रूने न अडकवता पायात खाच घेऊन तीवर टेकवल्या जातात. टेबल चाकांवर असल्यास ही काळजी अधिकच आवश्यक ठरते.

लाकडाच्या स्वभावाचाही विचार करावा लागतो. हवेतील ओलाव्यानुसार लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने फुगते व आकसते, लांबीच्या दिशेने जवळजवळ नाही. जोडून केलेल्या फळीतील वर्तुळाकार भोक त्यामुळे कोरड्या हवेत किंचित लंबगोल होते. भोक शेगडीच्या अंगाबरोबर कापले असेल, तर फळी सिरॅमिकला टेकते. भोवती मोकळी जागा ठेवणे त्यामुळे दोन कारणांनी गरजेचे आहे: लाकडाची हालचाल आणि उष्णता. ही जागा किती असावी हे शेगडीच्या आकारानुसार उत्पादक ठरवून देतात. वरची फळी चौकटीला लांबट छिद्रांतून स्क्रूने बसवतात, म्हणजे ती सरकू शकते आणि तडकत नाही.

टेबलासाठी वेस्टर्न रेड सीडर हे लाकूड लोकप्रिय आहे. नावात 'सीडर' असले तरी हा वृक्ष देवदाराच्या कुळातील नसून थूजा प्रजातीचा आहे. तो हलका असून त्यातील नैसर्गिक द्रव्यांमुळे उघड्यावर सहसा कुजत नाही. मात्र मऊ असल्याने त्यावर चरे लवकर पडतात. याच लाकडाच्या प्रक्रिया न केलेल्या, भिजवलेल्या पातळ फळीवर ठेवून सॅमन मासा भाजण्याची पद्धत उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्याशी निगडित आहे.

धुरासाठी लाकूड

अन्नाला धुराचा गंध यावा म्हणून निखाऱ्यांत हिकरी, ओक, सफरचंद किंवा चेरी यांच्या लाकडाचे तुकडे ठेवतात. लाकडातील लिग्निनचे विघटन होऊन ग्वायाकॉल व सिरिंगॉल यांसारखी संयुगे निर्माण होतात आणि धुराची ओळखीची चव त्यांच्यातून येते. पाइनसारखे राळयुक्त लाकूड काजळी व कडवटपणा देते, म्हणून ते वापरत नाहीत.

सुतारकामातून उरलेले तुकडे शेगडीत टाकण्याचा मोह स्वाभाविक असतो. ओक किंवा मेपलचा कोरा, ओळखीचा तुकडा चालतो. प्लायवूड, एमडीएफ, रंग वा वॉर्निश लावलेले आणि वाळवीरोधक प्रक्रिया केलेले लाकूड मात्र जाळू नये. क्रोमियम, तांबे व आर्सेनिक यांच्या मिश्रणाने मुरवलेले लाकूड अमेरिकेत घरगुती वापरासाठी २००३ च्या अखेरीस थांबवण्यात आले, परंतु त्यापूर्वीच्या कुंपणांत व ओसऱ्यांत ते अजून आढळते. ते जाळल्यास आर्सेनिक धुरात व राखेत उतरते. जुने लाकूड पाहून ते मुरवलेले आहे की नाही हे खात्रीने सांगता येत नाही, म्हणून अनोळखी तुकडा बाजूलाच ठेवावा लागतो.

धोके

झडपा मिटलेल्या शेगडीतील निखाऱ्यांना प्राणवायू अपुरा पडतो व आत ज्वलनशील वायू साठतात. अशा वेळी झाकण एकदम उघडल्यास हवा आत घुसून ज्वाळेचा लोट उसळतो आणि हात किंवा चेहरा भाजू शकतो. ते टाळण्यासाठी झाकण प्रथम दोन-तीन बोटे उचलून काही क्षण थांबतात. कोळशाच्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड हा गंधहीन विषारी वायू निर्माण होत असल्याने कामादो घरात, बंद गॅरेजमध्ये किंवा तंबूत पेटवत नाहीत.

शेगडी लाकडावर थेट ठेवणे हे आगीचे प्रमुख कारण आहे. बूड आणि फळी यांच्यामध्ये फरशीचा तुकडा किंवा हवा खेळती ठेवणारी धातूची बैठक आवश्यक असते. खालच्या झडपेतून ठिणग्या पडत असल्याने लाकडी ओसरीवर विशेष दक्षता घ्यावी लागते. राखेत निखारे दीर्घकाळ जिवंत राहतात. ती झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवतात.

लाकडाच्या बारीक भुशाला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात ठेवले आहे, त्यामुळे घासकाम करताना मुखपट्टी वापरली जाते. टेबलाला जवसाचे तेल पुसल्यानंतरच्या चिंध्यांकडे मात्र सहसा दुर्लक्ष होते. हे तेल सुकताना हवेतील प्राणवायूशी संयोग पावते व उष्णता सोडते. चिंध्यांचा बोळा करून टाकल्यास ती उष्णता आत कोंडते आणि ठिणगीशिवायच पेट घेऊ शकते. अशा चिंध्या उघड्यावर सुट्या पसरून वाळवतात किंवा पाणी भरलेल्या धातूच्या डब्यात बुडवून ठेवतात.