क्लाउडमधील दप्तराची पुनःस्थापना
जुलै 2018च्या अतिवृष्टीत वसई-विरार जलमय होऊन वीज खंडित झाली, तेव्हा ज्या दुकानाचे दप्तर दूरस्थ क्लाउडमध्ये असेल त्या दप्तरास पुराचे भय नव्हते. परंतु एका चुकीच्या आज्ञेने नोंदी पुसल्या जाण्याचे भय तेथेही तितकेच खरे, कारण तत्क्षणी अद्ययावत होणारी जोडप्रत ती चूकही इमानाने उतरवून घेते. यास्तव स्वतंत्र बॅकअप हवाच.

सुकेळी ऑनलाइन विकणाऱ्या वसईच्या एखाद्या दुकानावर नोंदी पुसल्या जाण्याचा प्रसंग गुदरला, तर प्रथम नव्या मागण्या थांबवाव्यात. बॅकअप चालू डेटाबेसवर न चढविता निराळ्या डेटाबेसमध्ये उभारावा. त्यावर बॅकअपनंतरचे व्यवहार, डेटाबेसमधील बदलांच्या नोंदवहीबरहुकूम (लॉग), अपघाताच्या अगोदरच्या क्षणापर्यंत क्रमाने चढवावेत. आणि पेमेंट गेटवेच्या हिशेबाशी जमा रकमांची रुजवात घातल्याखेरीज दुकान उघडू नये, कारण ज्याचे पैसे जमा आहेत पण मागणी नोंदलेली नाही असा ग्राहक दुरावणे, ही माझ्या मते सर्वांत मोठी हानी होय.

31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅब या नामांकित कंपनीचा डेटाबेस चुकून पुसला गेला, तेव्हा रक्षणाच्या पाच योजनांपैकी एकही भरवशाची ठरली नाही. अपघाताच्या सुमारे सहा तास आधी हाताने घेतलेल्या एका प्रतीवर सारे तरले. दुकानदार बंधुभगिनींनो, आपला बॅकअप संकटापूर्वीच एकदा उभारून पाहा.