आडात नाही तर पोहऱ्यात कुठून?

मी कॉन्व्हेंटचा विद्यार्थी, त्यामुळे शुद्धलेखन जरा सांभाळून घ्या. मेसमध्ये अंडाकरी असली की आपण ताटात अंडी किती तेवढंच बघतो. पण दिवाळीच्या सुट्टीत शिरोळ तालुक्यात मामाकडे गेलो आणि अंड्याकडे बघायची माझी नजरच बदलली.

मामाचं छोटं पोल्ट्री शेड आहे. नवीन आणलेली काही पिल्लं अगदी किरकोळ होती. अंगावरची लव गाठी मारल्यासारखी. आठवड्याभरात काहींची बोटं आत वळली. मामा सगळा राग मामीवर काढत होता, "रात्री बल्ब नीट लावलं न्हाईस तू!" मामी गप्प.

मग जनावरांचे डॉक्टर आले. पिल्लू हातात घेऊन म्हणाले, "अहो, ही लव अंड्यातच तयार होते, तुमच्याकडचा एक दाणा खायच्या आधी. ह्यात वहिनींची काय चूक? पिल्लाच्या आईचं खाद्य कमी पडलंय."

कॉलेजला परत आल्यावर लायब्ररीत जाऊन वाचलं. वासराला आईच्या पोटात नाळेतून रोज पोषण मिळतं. कोंबडीचं तसं नाही. पिल्लू 21 दिवस अंड्यात बंद, आणि आईनं बांधून दिलेली शिदोरी एकदाच. साधारण 60 ग्रॅमच्या अंड्यातून 40 ग्रॅमच्या आसपासचं पिल्लू निघतं. उरलेला बलक पोटात घेऊनच ते बाहेर येतं, त्यावर दोन-तीन दिवस निघतात. रोगाशी लढायची पहिली ताकदही आईकडून बलकातूनच येते.

आता आईच्या खाद्यात बी-2 जीवनसत्त्व कमी असेल तर पिल्लं अंड्यातच मरतात, किंवा मामाकडच्यासारखी गाठाळ लवेची निघतात. मँगनीज कमी पडलं तर पाय आखूड आणि चोच पोपटासारखी. गंमत म्हणजे कोंबडी स्वतः ठणठणीत दिसते, अंडीही घालत राहते. म्हणून खायच्या अंड्यांच्या कोंबडीचं खाद्य पिल्लांच्या आईला पुरत नाही. पण भरपेट चारणं हाही उपाय नाही. ब्रॉयलर पिल्लांची आई हवं तेवढं खाऊन चरबी धरते आणि अंडी घटतात, म्हणून तिला रोज मोजून देतात.

डॉक्टरांनी पाण्यातून बी-2 द्यायला सांगितलं. थोडी वाकडी झालेली पिल्लं सावरली, बाकीची गेली. आता मामा पिल्लं घेताना आधी त्यांच्या आयांना काय चारता ते विचारतो. मामीची माफी काही त्यानं मागितली नाही. पण पुढच्या बॅचला पहिल्या रात्री बल्ब लावायला तो स्वतः जागला.