अपस्मारावर दालचिनीची मात्रा

अपस्मार, म्हणजे बोलीत ज्याला फेफरे, मिरगी किंवा आकडी म्हणतात तो विकार, मेंदूतील चेतापेशींच्या समूहात एकाच वेळी अनिर्बंध विद्युत-संदेश उसळल्यामुळे वारंवार झटके येण्याचा आहे, आणि त्यावर दालचिनीचा उपयोग व्हावा ही कल्पना सर्वस्वी निराधार नाही. दालचिनीला गंध देणारा सिनामाल्डिहाइड हा घटक शरीरात प्रथम सिनॅमिक आम्लात व पुढे बेंझोएटमध्ये रूपांतरित होतो. हे बेंझोएट ग्लायसिन या अमिनो आम्लाशी जोडले जाऊन लघवीवाटे बाहेर पडते. काही बालकांत ग्लायसिनचे विघटन जन्मतःच होत नाही, ते मेंदूत साचते आणि झटके सुरू होतात. अशा दुर्मीळ विकारात सोडियम बेंझोएट खरोखरच औषध म्हणून देतात.

परंतु खरा प्रश्न मात्रेचा आहे. त्या विकारात दर किलो वजनामागे रोज किमान २५० मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे ३ किलोच्या बाळाला सुमारे ७५० मिलिग्रॅम बेंझोएट लागते. उलट १ ग्रॅम सालीतून, तिच्यात ४ टक्के तेल धरले तरी, जेमतेम ३० मिलिग्रॅम मिळेल. त्या तान्ह्या बाळाला रोज २५ ग्रॅम साल कोण देणार? शिवाय अपस्माराच्या बहुतेक रुग्णांत ग्लायसिन साचलेले नसतेच.

मात्रेइतकाच प्रश्न हाती येणारी साल कोणती, याचाही आहे. उदाहरणार्थ, जालना जिल्ह्यातील टेंभुर्णीच्या कोरड्या शिवारात दालचिनी पिकत नाही, तिला कोकणासारखी दमट हवा लागते. त्यामुळे मराठवाड्यातील अशा गावच्या किराणा दुकानात बाहेरून आलेली साल मिळते, आणि स्वस्त, जाड साल बहुधा व्हिएतनाम किंवा चीनमधील कॅसियाची असते. कॅसियात कूमारिन हे यकृताला अपाय करू शकणारे द्रव्य श्रीलंकेच्या पातळ दालचिनीपेक्षा कितीतरी अधिक असते. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने त्याची रोजची सुसह्य मर्यादा दर किलो वजनामागे ०.१ मिलिग्रॅम ठरवली आहे, आणि ५० किलोच्या माणसाला ती सुमारे २ ग्रॅम कॅसिया-चूर्णातच ओलांडता येते. मसाल्यातील चिमूटभर दालचिनीने असे काही होत नाही. मात्र अपस्मारावरील व्हॅल्प्रोएट हे औषध स्वतःच कधीकधी यकृताला इजा करते, म्हणून ते घेणाऱ्याने चूर्णाचा रोजचा रतीब डॉक्टरांना विचारल्यावाचून लावणे धोक्याचे आहे.

त्याहून मोठा धोका चूर्णाच्या भरवशावर गोळी सोडण्याचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते योग्य निदान व उपचार मिळाल्यास ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण झटक्यांविना जगू शकतात, आणि १९१२ पासून वापरात असलेले फिनोबार्बिटल तर अत्यंत स्वस्त आहे. अशी गोळी एकाएकी बंद केल्यास झटका थांबतच नाही, अशी प्राणघातक अवस्था ओढवू शकते. म्हणूनच पाच मिनिटांहून अधिक चाललेल्या झटक्यात तोंडात काहीही न घालता, रुग्णाला कुशीवर वळवून, त्याला तातडीने रुग्णालयात नेतात.